कलम कधी बांधावं, कसं बांधावं: महिना विचारण्याआधी झाड बघा

प्रश्न असा आहे: घरी बियांपासून वाढवलेली आंब्याची, पेरूची आणि लिंबाची रोपं आहेत, चांगल्या जातीच्या झाडांच्या फांद्या मिळण्यासारख्या आहेत. कलम कोणत्या महिन्यात करावं, कोणत्या पद्धतीनं करावं, आणि आधी बांधलेली कलमं फुटून आल्यावर पुन्हा का वाळली?

शेवटच्या भागापासून सुरुवात करतो, कारण बाकी दोन्हींचं उत्तर त्यातच आहे. काडी फुटली म्हणजे कलम लागलं असं नसतं. कापून आणलेल्या काडीत स्वतःचं पाणी आणि अन्नाचा साठा असतो. त्या जोरावर तिचे डोळे, म्हणजे नवे कोंब जिथून फुटतात त्या गाठी, फुगतात, कोवळी पानंसुद्धा निघतात. खाली खुंटाशी, म्हणजे जिच्यावर काडी बांधली त्या मुळांच्या रोपाशी, जोड झालेला नसेल तर साठा संपला की ती पानं माना टाकतात. म्हणजे तुमची काडी चांगली होती. घोटाळा जोडात होता किंवा वेळेत: खुंट तेव्हा वाढीत नसेल, साली जुळल्या नसतील, नाहीतर मधल्या दिवसांत जोड हलला असेल. काडी न फुटताच काळी पडली असती तर मी काडीवर संशय घेतला असता. ती फार कोवळी किंवा शिळी असते, नाहीतर आत पाणी शिरून बुरशी धरलेली असते.

आता जोड होतो म्हणजे काय होतं, हे एकदा नीट समजून घ्या. मग पद्धतींची नावं पाठ करायची गरज उरत नाही. सालीच्या आत आणि लाकडाच्या बाहेर एक अतिशय पातळ, ओलसर थर असतो, त्याला कॅम्बियम म्हणतात. झाडाची जाडी वाढते ती याच थरातून. कापलेल्या जागी या थराच्या आसपासच्या पेशी भराभर वाढतात आणि पांढरट, मऊ असा भराव तयार होतो. याला कॅलस म्हणतात. खुंटाचा भराव आणि काडीचा भराव एकमेकांत मिसळला, की त्यातून नवा कॅम्बियम दोन्हीकडच्या थरांना जोडून घेतो आणि मग पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या नळ्या तयार होतात. उबदार हवेत हे सगळं व्हायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, थंडीत जास्त. लाकडाला लाकूड मात्र कधीच चिकटत नाही. कापलेले जुने पृष्ठभाग आत तसेच राहतात आणि त्यांच्यावरून नवं लाकूड चढत जातं. जुन्या कलमाचा जोड उभा चिरून पाहिला तर चाकूचा काप आत ओळखू येतो.

याचा अर्थ बांधणाऱ्याच्या हातात दोनच गोष्टी आहेत. दोन्हींचे हे पातळ थर कुठेतरी एकमेकांना घट्ट टेकले पाहिजेत, आणि पुढचे दोन-तीन आठवडे ते वाळता कामा नयेत, हलता कामा नयेत. चाकूची धार, पट्टी, टोपी, सावली हा सगळा खटाटोप एवढ्यासाठीच असतो.

भराव तयार होणं तापमानावर अवलंबून असतं आणि ते झाडागणिक बदलतं. सफरचंदात ही वाढ ४-५ अंशांनाही अगदी सावकाश चालू असते, पण ३२ अंशांच्या पुढे बिघडायला लागते. अक्रोडाला २५ ते ३० अंशांची ऊब लागते. म्हणूनच थंड हवेत त्याचं कलम फसतं आणि ते बांधणं अवघड म्हणून त्याचं नाव वाईट झालं आहे. द्राक्षाला २४ ते २७ अंश मानवतात. त्याहून खूप गरम झालं तर भराव भसाभस वाढतो, पण भुसभुशीत होतो आणि लागवडीच्या वेळी सहज तुटतो. आंब्याला साधारण २५ ते ३० अंश आणि भरपूर दमट हवा पाहिजे. त्यामुळे ‘कोणत्या महिन्यात’ या प्रश्नाला सगळ्या झाडांना आणि सगळ्या हवामानांना लागू पडेल असं उत्तर देणं म्हणजे फसवणूक आहे. जी खूण मी पाहतो ती सांगतो.

खुंटाची खूण सालीत असते. खुंटाच्या बाजूच्या एखाद्या फांदीवर चाकूच्या टोकानं छोटा काप घ्या आणि साल उचलून पाहा. ती लाकडापासून अलगद सुटली आणि खाली ओलसर चकाकी दिसली तर रस चालू आहे. ओढून काढावी लागली, तंतू निघाले, खाली कोरडं दिसलं, तर त्या दिवशी चाकू म्यान करा. रोप पाण्याला आलेलं असेल तर आठवडाभर व्यवस्थित पाणी द्या आणि पुन्हा पाहा. अनेकदा तेवढ्यानं फरक पडतो. नुकतीच कुंडी बदललेल्या रोपावर कलम बांधू नका. मुळं सावरण्यात गुंतलेली असतात, ती वर काय पाठवणार?

काडीची खूण डोळ्यात असते. शेंड्याचा डोळा टपोरा झालेला हवा, पण उमललेला नको. सदाहरित झाडांत, म्हणजे आंबा, चिकू, पेरू यांत, मागच्या बहराची पालवी जून होऊन गडद हिरवी झाली आणि पुढची पालवी अजून फुटलेली नाही, असा मधला काळ साधायचा. हा काळ आपोआप जुळायची वाट पाहत बसण्यापेक्षा तो घडवता येतो. निवडलेली फांदी झाडावर असतानाच तिच्या शेंड्याकडच्या वीतभर भागावरची पानं कापून टाका. देठ मात्र राहू द्या. पानं गेली की फांदी आपला जोर डोळ्यांकडे वळवते. साधारण ७ ते १० दिवसांत डोळे फुगतात आणि ते उरलेले देठ बोट लावताच गळून पडतात. देठ गळायला लागले म्हणजे काडी तयार झाली. कलम लागण्याचं प्रमाण वाढवणारी याहून सोपी युक्ती मला माहीत नाही. घरी कलमं करणारे बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात, कारण त्यासाठी त्या झाडाकडे दोनदा जावं लागतं.

फांदी कुठली घ्यायची यालाही महत्त्व आहे. फळं धरणाऱ्या झाडाची, बाहेरच्या बाजूची, ऊन खाणारी, निरोगी, पेन्सिलीच्या जाडीची फांदी घ्या. खोडावरून सरळ वर सुटलेले जोमदार फुटवे दिसायला छान असतात, पण ते टाळा. त्यांची पेरं लांब असतात, आत साठा कमी असतो आणि ते फळावर उशिरा येतात. मोहोर येऊन गेलेली टोकंही नकोत. आणि ज्या झाडानं अजून एकदाही फळ दिलेलं नाही त्याची काडी लावली तर कलमाचा मुख्य फायदाच जातो. लवकर फळ येतं ते काडी वयात आलेल्या झाडाची असते म्हणून.

थंड प्रदेशातल्या पानगळीच्या झाडांत, म्हणजे सफरचंद, नासपती, आलुबुखार यांत, हिशेब उलटा असतो. तिथे खुंट जागा हवा आणि काडी झोपलेली. ऐन हिवाळ्यात, झाड निष्पर्ण असताना काड्या कापायच्या, जुड्या बांधून ओलसर कागदात गुंडाळायच्या, पिशवीत घालून फ्रीजमध्ये १ ते ४ अंशांवर ठेवायच्या. मग हिवाळा सरताना खुंटाचे डोळे हलायला लागले की बाहेर काढून बांधायच्या. फ्रीजच्या त्याच कप्प्यात पिकणारी फळं ठेवू नका. त्यांच्यातून बाहेर पडणाऱ्या इथिलीन वायूमुळे डोळे मरतात आणि काडी वरून हिरवी असल्यामुळे ते कळतसुद्धा नाही. सीताफळ या दोन्हींच्या मध्ये बसतं: पानं झडलेली असताना, नवी पालवी फुटण्याच्या थोडं आधी काडी घ्यायची आणि लगेच बांधायची.

राहिली हवा. उष्ण प्रदेशात आंबा, चिकू, काजू, फणस यांच्यासाठी पावसाळ्याची सुरुवात सोयीची असते, कारण हवेत दमटपणा असतो आणि उन्हाचा चटका कमी झालेला असतो. पण सलग मुसळधार पाऊस लागलेला आठवडा नको. पाणी जोडात उतरलं की भरावाऐवजी बुरशी वाढते. छपराखाली किंवा झाडाच्या सावलीत कुंडीतली रोपं ठेवता येत असतील तर हा काळ बराच लांबवता येतो. कडक, कोरड्या उन्हाळ्यात उघड्यावर केलेलं कलम जगलं तर तो योगायोग समजा. दिवसातली वेळ म्हणाल तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. ढगाळ दिवस मिळाला तर उत्तमच.

आता पद्धती. घरी एकच शिकायची असेल तर पाचर कलम शिका. आंबा, पेरू, चिकू, सीताफळ, सफरचंद, सगळ्यांना ते चालतं, आणि हात बसायला सोपं आहे.

खुंट आणि काडी शक्यतो सारख्या जाडीचे निवडा. खुंट पेन्सिलीएवढा किंवा थोडा जाड असावा. जमिनीपासून १५ ते २० सेंटीमीटरवर, आणि जमलं तर एकदोन पानं खाली राहतील अशा बेतानं, त्याचा शेंडा आडवा कापा. ही खालची पानं महत्त्वाची आहेत, ती मुळांना जगवतात. कापाच्या मधोमध ३ ते ४ सेंटीमीटर खोल उभा चिरा द्या. काडी १० ते १५ सेंटीमीटर लांब असू द्या. तिच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तिरके काप घेऊन तेवढ्याच लांबीची पाचर तयार करा. प्रत्येक काप एकाच ओढीत व्हायला हवा. मासा सोलल्यासारखे तासत बसलात तर पृष्ठभाग लहरी होतो, मध्ये हवा राहते आणि जोड तिथेच वाळतो. त्यासाठी चाकू वस्तऱ्यासारखा धारदार लागतो. एका बाजूनं धार लावलेला कलमाचा चाकू मिळाला तर काप सपाट येतो. नाहीतर नवं ब्लेडही चालतं. दोन झाडांच्या मध्ये पातं स्पिरिटनं पुसा. बोटं कापलेल्या भागाला लावू नका.

पाचर चिऱ्यात उतरवा आणि साल सालीला जुळली का ते पाहा. जाडी सारखी असेल तर दोन्ही बाजूंना जुळेल. काडी बारीक असेल तर ती मधोमध ठेवण्याचा मोह होतो. तसं केलंत तर थर कुठेच टेकत नाहीत आणि कलम नक्की मरतं. अशा वेळी काडी एका कडेला सरकवा आणि त्या एका बाजूला साल तंतोतंत मिळवा. जोडाला एक बाजू पुरते. खुंटाची साल जाड असेल तर बाहेरच्या कडा जुळवून उपयोग नाही, आतल्या कडा जुळवा, कारण थर तिथे आहे.

मग पट्टी. दीड-दोन सेंटीमीटर रुंदीची, पातळ, ताणली जाणारी प्लॅस्टिकची पट्टी घ्या. खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, ताण देत गुंडाळा. खालून वर अशासाठी, की वरून ओघळणारं पाणी वेढ्यांच्या आत शिरत नाही. चिऱ्याच्या वरच्या टोकाला फट राहत असेल तर तीही झाका. पट्टी सैल राहण्यापेक्षा जरा जास्त घट्ट झालेली परवडते. ताण हवा, कारण भराव दोन पृष्ठभागांना ढकलत असतो.

काडीवर लांबट, पातळ, पारदर्शक पिशवीची टोपी चढवा आणि जोडाच्या खाली बांधा. आतला दमटपणा टिकतो, पानं नसलेली काडी वाळत नाही. पण टोपीवर थेट ऊन पडलं तर आत भट्टी होते आणि दोन तासांत काडी उकडून निघते. सावली नसेल तर टोपीवर पांढऱ्या कागदाची पिशवी उलटी घाला. शेंड्याचा कोंब सुटून पानं टोपीला टेकायला लागली की संध्याकाळी टोपीचं टोक कापा आणि दोनतीन दिवसांनी ती पूर्ण काढा. एकदम काढलीत तर कोवळी पालवी सुकते. पाणी मुळांना द्या, पण कुंडीत चिखल करू नका, आणि जोडावर पाणी मारू नका.

आंब्यासाठी याचंच लहान रूप म्हणजे कोय कलम. कोयीतून उगवून आठ-पंधरा दिवस झालेलं, पानं अजून तांबूस असलेलं रोप घ्यायचं. कोयीच्या वर पाच-सहा सेंटीमीटरवर कापून तसंच पाचर बांधायचं. कोयीत अजून अन्न शिल्लक असतं, ते जोडाच्या कामी येतं. खोड नाजूक असल्यामुळे हात हलका लागतो. पानं हिरवी होऊन गेली की ती वेळ टळली. मग खोड जाड होऊ द्या आणि पुढच्या तांबूस फुटीवर मृदकाष्ठ कलम बांधा. बांधण्याची कृती तीच, फक्त काप नव्या, कोवळ्या, तांबूस फुटीवर घ्यायचा, जुन्या लाकडावर नाही. रोप आधी कायमच्या जागी लावून, रुजल्यावर तिथेच असं कलम बांधलं तर सोटमूळ अखंड राहतं. जागा असेल त्याला मी हेच सुचवेन.

लिंबूवर्गीय झाडांत काडीपेक्षा डोळा भरणं, म्हणजे सालीसकट एकच डोळा खुंटात बसवणं, सरस. एकाच फांदीतून अनेक डोळे मिळतात आणि फसलं तरी खुंट शाबूत राहतो. खुंटावर १५ ते २० सेंटीमीटर उंचीवर इंग्रजी टी अक्षरासारखा काप घ्या, उभी बाजू अडीच-तीन सेंटीमीटरची. साल दोन्हीकडे हलकेच उघडा. डोळ्याची फांदी गोलसर झालेली असावी. त्रिकोणी, कंगोरे असलेली कोवळी फांदी नको. पान कापून देठ ठेवा, तो धरायला मूठ म्हणून उपयोगी पडतो. ढालीच्या आकाराचा अडीच सेंटीमीटरचा तुकडा काढून वरून खाली कापात सरकवा, डोळा वर पाहणारा राहील असा. उलटा बसलेला डोळा लागला तरी पुढे नीट वाढत नाही. पट्टी बांधा. दोन-तीन आठवड्यांनी पट्टी सोडून पाहा: डोळा हिरवा आणि देठ बोटानं सहज गळणारा असेल तर लागला. देठ वाळून चिकटून बसला असेल तर गेला, खुंटाच्या दुसऱ्या बाजूला पुन्हा करा. लागलेला डोळा आपणहून फुटत नाही, कारण वरचा शेंडा त्याला दाबून ठेवतो. म्हणून डोळ्याच्या थोडं वर खुंट अर्धवट कापून शेंडा बाजूला वाकवा. डोळा वीतभर वाढला की वाकवलेला भाग पूर्ण काढा.

पण तुमचं लिंबाचं रोप कागदी लिंबाचं असेल तर मी कलमाची घाई करणार नाही. त्याच्या एका बीमधून बहुधा एकाहून अधिक रोपं निघतात, आणि त्यातली बरीचशी आईच्याच ऊतींपासून बनलेली, म्हणजे आईसारखीच असतात. बियांपासून केलेलं कागदी लिंबू सहसा निराश करत नाही. फळाला थोडं उशिरा येतं, काटे जास्त असतात, एवढंच. संत्रं किंवा मोसंबी हवी असेल तर मात्र डोळा भरा. आंब्याच्या काही जातींतही असे अनेक अंकुर निघतात, पण एकच अंकुर देणाऱ्या जातींच्या कोयीतून काय निघेल याचा भरवसा नसतो.

जांभूळ, बोर यांच्या जाड सालीला ठिगळ पद्धत बरी पडते. खुंटाच्या सालीचा चौकोनी तुकडा काढायचा आणि त्याच मापाचा, मध्ये डोळा असलेला तुकडा तिथे बसवायचा. माप चुकवू नका, विशेषतः वरखाली फट नको. साल सुटत नसेल त्या दिवसांत लाकडाची पातळ चकती घेऊन चिप पद्धतीनं डोळा बसवता येतो. थंड प्रदेशातल्या झाडांत ते छान जमतं.

भेट कलम आता कोणी फारसं करत नाही, पण ज्याची कलमं वारंवार मरतात त्यानं एकदा करून पाहावं. कुंडीतलं रोप मोठ्या झाडाच्या फांदीजवळ टांगायचं, दोघांच्या सालीचा चार-पाच सेंटीमीटर लांब काप घेऊन ते एकमेकांना बांधायचे. दोघंही आपापल्या मुळांवर जगत असल्यामुळे वाळण्याचा प्रश्नच येत नाही. दोन-तीन महिन्यांनी फांदी जोडाखाली टप्प्याटप्प्यानं कापायची. वेळखाऊ आहे, कुंडीला रोज पाणी घालावं लागतं, पण नवशिक्याला आत्मविश्वास देणारं आहे.

आणि मोठं झालेलं, नको त्या फळाचं झाड असेल तर ते तोडू नका. जाड फांदी आडवी कापून सालीखाली काड्या बसवा. याला साल कलम म्हणतात. साल सुटण्याच्या दिवसांतच ते होतं. कापाच्या घेरावर सात-दहा सेंटीमीटरला एक याप्रमाणे दोन-तीन डोळ्यांच्या काड्या लावा, खिळ्यानं किंवा पट्टीनं आवळा, वरचा सगळा उघडा भाग मेणानं बंद करा. झाडाची एखादी फांदी पानांसह राहू द्या, नाहीतर मुळं उपाशी राहतात. सगळ्या काड्या लागल्या तरी शेवटी एकच पुढे न्यायची. बाकीच्या जखम भरेपर्यंत आखूड ठेवून नंतर काढायच्या.

कशावर काय लागतं याबद्दल भलत्या अपेक्षा ठेवू नका. एकाच जातकुळीत जोड सहसा होतो. जवळच्या नात्यात बऱ्याचदा होतो: चिकू खिरणीवर उत्तम लागतो, नासपती क्विन्स या तिच्या नात्यातल्या फळझाडावर लागते आणि ठेंगणी राहते. दूरच्या नात्यात नाही. आंबा आंब्यावरच बांधा. काही जोड्या तर आधी लागतात, वाढतात, फळंही देतात आणि काही वर्षांनी वाऱ्यात नेमक्या जोडावर तुटतात. म्हणून ‘लागलं’ आणि ‘टिकलं’ यांत फरक करा आणि इतरांनी वर्षानुवर्षं वापरलेली जोडीच निवडा.

खुंट हा नुसता खांब नसतो. सफरचंदाच्या झाडाची उंची खुंटावर ठरते. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग केंद्रानं वर्गवारी केलेल्या एम-९ खुंटावरचं झाड घराच्या अंगणात मावतं, बियांच्या खुंटावरचं नाही. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीनं युरोपातले द्राक्षमळे उजाड केले, तेव्हा ते वाचले अमेरिकी द्राक्षांच्या खुंटावर युरोपातल्या जाती बांधून. उलट उदाहरणही आहे. १९३० आणि १९४०च्या दशकांत दक्षिण अमेरिकेत आंबट संत्र्याच्या खुंटावरची लक्षावधी झाडं ट्रिस्टेझा विषाणूनं मेली. हा विषाणू मावा पसरवतो आणि डोळ्यांबरोबरही जातो. म्हणून पिवळट, ठिपकेदार, खुरटलेल्या झाडाची काडी फळ कितीही गोड असलं तरी घेऊ नका. चाकू पुसल्यानं विषाणू जात नाही, तो काडीच्या आत असतो.

काही झाडांच्या खोडी लक्षात ठेवा. फणसाचा चीक कापावर साचू देऊ नका. ओल्या कापडानं टिपा आणि पटकन बांधा. द्राक्ष आणि अक्रोड वसंतात कापले की पाणी गाळतात आणि त्या पाण्यात जोड बुडतो. खुंट काही दिवस आधी कापून ठेवा, नाहीतर जोडाच्या खाली एक-दोन तिरके छेद द्या, पाणी तिथून निघून जाईल. कोकम आणि जायफळ यांत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, म्हणून मादी झाडाची काडी घेतली तर फळाची खात्री. पण या झाडांत उभ्या वाढणाऱ्या फांद्या वेगळ्या आणि आडव्या वाढणाऱ्या वेगळ्या असतात, आणि काडी आपला स्वभाव सोडत नाही. आडव्या फांदीची काडी लावलीत तर झाड उंच होत नाही, झुडपासारखं पसरतं. काहींना तेच हवं असतं, तोडणी सोपी होते. पण ते ठरवून करा.

कलम लागल्यावरचे दुर्लक्षही जीव घेतं. जोडाखालून येणारी प्रत्येक फूट दिसताक्षणी चोळून काढा. ती खुंटाची फूट असते, नेहमी जास्त जोमदार असते आणि काही महिन्यांत वरच्या कलमाला उपाशी मारते. ‘कलम लावलं होतं पण फळं आंबट निघाली’ अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा वरचं कलम केव्हाच मेलेलं असतं आणि लोकांनी प्रेमानं वाढवलेला असतो तो खुंट. पट्टी विसरू नका. खोड फुगायला लागलं की ती सालीत रुतते आणि गळा आवळते. पाचर कलमाला साधारण दोन-तीन महिन्यांनी, नवी पालवी जून झाल्यावर, जोडाच्या मागच्या बाजूनं उभा छेद देऊन काढा. काठीचा आधार वर्षभर ठेवा. जमिनीत लावताना जोड मातीच्या वर उघडा राहू द्या. तो पुरला गेला तर ओलीनं सडू शकतो, आणि काडीला स्वतःची मुळं फुटली तर खुंटाचे गुण वाया जातात.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आधी पेरूपासून सुरू करा. पेन्सिलीएवढ्या जाडीची रोपं निवडा, काडीची पानं आठवडाभर आधी काढा आणि सावलीत पाचर बांधा. एका वेळी एक न करता चार-पाच करा, म्हणजे एखादं गेलं तर कारण ताडून पाहता येतं. आंब्याची रोपं जुनी झाली असतील तर ती पुढच्या तांबूस फुटीला थांबू द्या. आणि कलम लागून पहिल्या वर्षी त्यावर मोहोर किंवा कळ्या आल्या तर खुडून टाका. फार जिवावर येतं, पण एवढ्याशा काडीला फळ पोसायला लावलं तर वाढ तिथेच अडते. आंब्याला निदान तीन वर्षं, पेरूला पहिलं वर्षभर तरी हे करा.